आत शिरू न देणारी कादंबरी: तुम्ही किती पानं थांबता?

पूर्वभागातली

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात आहे ते आज लिहिते. थोडं लांबेल.

आमचा सहा जणींचा वाचनगट आहे. महिन्यातल्या एका रविवारी जमतो, कधी जुळे सोलापुरात, कधी आमच्याकडे पूर्व भागात. संक्रांतीच्या गड्डा यात्रेची गर्दी ओसरल्यावर आम्ही नेमाड्यांची 'हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ' घेतली. पुढच्या बैठकीला चौघी म्हणाल्या, होत नाही, दुसरं काहीतरी घेऊ या. कुणी तिसाव्या पानावर अडकलेली, कुणी साठाव्या. एकीचं म्हणणं, मोहेंजोदडोच्या उत्खननावरून खंडेराव गावाकडे निघतो खरा, पण कुठली आठवण कुठून येते आणि कोण कुणाचं कोण, याचा पत्ताच लागत नाही.

पुस्तक बदललं याचं मला काही नाही. "आपल्याला नाही बाई झेपत" हे ज्या सुरात म्हटलं गेलं, तो सूर मात्र डोक्यातून जात नाही. हे म्हणणारी पंधरा माणसांच्या घरात राहते. कोण कुणाचा चुलत, कुणाचं कुणाशी बोलणं बंद आहे आणि ते कुठल्या लग्नापासून, हे ती झोपेतही सांगेल. तिला खानदेशातल्या एका घराण्याची माणसं झेपणार नाहीत?

म्हणून माझं सांगते. माझी घरची भाषा तेलुगू. वडील यंत्रमागावर होते, आई विड्या वळायची. मराठी शाळेत पहिलीला बसले तेव्हा बाईंचं निम्मं बोलणं डोक्यावरून जायचं. पण आमच्या गल्लीत त्याचा कुणी बाऊ केला नाही. मोठी भावंडं सांगायची, ऐकत बस, दिवाळीपर्यंत कळायला लागतं. आणि खरंच दिवाळीपर्यंत कळायला लागायचं. आपल्या गावात हे थोडंफार सगळ्यांच्याच वाट्याला येतं. शेजारी तेलुगू, बाजारात कानडी, रिक्षात दखनी, शाळेत मराठी. न कळणाऱ्या बोलण्यात न घाबरता बसून राहायची सवय सोलापूरकराला लहानपणीच लागते. अवघड कादंबरी वाचायलाही हीच सवय लागते, असं माझं ठाम मत झालंय.

आता 'धग'. उद्धव शेळक्यांची, १९६०ची. डी.एड.ला असताना पहिल्यांदा हातात घेतली. कौतिकचं घर, माणसं, सगळी वऱ्हाडी बोलतात. 'मले', 'तुले', 'काहून' इथेच मी ठेचकाळले आणि दहा पानांत पुस्तक परत केलं. लग्नानंतर पुन्हा आणलं. या वेळी निश्चयाने बसले, वहीत शब्दांचे अर्थ लिहीत, ओळीओळीला थांबत. चाळीस पानं गेली असतील. प्रत्येक शब्द कळत होता आणि कौतिक काही केल्या बोलत नव्हती. ती चिडून बोलते, थकून बोलते की नवऱ्याला घाबरून बोलते, काहीच ऐकू येईना. पुन्हा परत केलं.

मग काही वर्षांनी आमच्या शाळेत अमरावतीकडच्या एक सहशिक्षिका आल्या. मधल्या सुट्टीत बोलता बोलता 'धग'चा विषय निघाला. दुसऱ्या दिवशी त्या पुस्तकच घेऊन आल्या आणि डबा खाऊन झाल्यावर दोन पानं मोठ्याने वाचली. एकाही शब्दाचा अर्थ सांगितला नाही. नुसतं वाचलं. घंटा झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं. त्या आठवड्यात कादंबरी संपवली, वही न उघडता.

तेव्हापासून मी तीन गोष्टी पाळते. अवघड कादंबरीची पहिली बैठक मोठी घालते, दीड-दोन तासांची, रविवारी दुपारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. रात्री झोपताना पाच-पाच पानं वाचून असली कादंबरी सुरू होत नाही, कारण रोज नव्याने अनोळखी घराचं दार वाजवल्यासारखं होतं. दुसरं, अडलं की तेवढा परिच्छेद मोठ्याने वाचते. तिसरं, पहिल्या पन्नास पानांत पुस्तक चांगलं की वाईट हे ठरवतच नाही.

तुमचं काय? कुठल्या कादंबरीने तुम्हाला दारात उभं केलं आणि मग आत घेतलं? की घेतलंच नाही?

होटगीरोड

वाचनखूण साठवली. 'हिंदू' माझ्याकडे तीन वर्षं कपाटात आहे. या रविवारी काढते.

मालदांडी

ताई, लिहिलंय फार छान, पण मला पटलेलं नाही. स्पष्ट लिहितो, राग मानू नका.

मी मंगळवेढ्याचा. शेती बघून जो वेळ उरतो त्यात वाचतो. सुगीत तर महिना महिना पुस्तक उघडत नाही. अमेरिकेत नॅन्सी पर्ल नावाच्या एक ग्रंथपाल आहेत, त्यांचा एक नियम मला फार आवडतो. पन्नाशीपर्यंतच्या माणसाने पुस्तकाला पन्नास पानं द्यावीत. पन्नाशी ओलांडली की शंभरातून आपलं वय वजा करायचं, उरतील तेवढीच पानं. माझं वय ६१. म्हणजे ३९ पानं. वय वाढेल तसा वेळ कमी, म्हणून पानंही कमी, हा हिशोब शेतकऱ्याला लगेच कळतो. पेरलं आणि उगवलं नाही तर आम्ही दुबार पेरतो. तिबार कुणी पेरत नाही, कारण बियाणं फुकट येत नाही आणि हंगामही थांबत नाही.

तरुणपणी एका गाजलेल्या कादंबरीत मी दोन वर्षं अडकून पडलो होतो. लोक काय म्हणतील म्हणून सोडवेना. संपवली. आज त्यातलं एक माणूस आठवत नाही. त्या दोन वर्षांत मी दुसरं एकही पुस्तक हातात धरलं नाही, त्याची हळहळ अजून आहे. तुमच्या मैत्रिणींनी पुस्तक बदललं ते योग्यच केलं.

जुनी_मिल

दोघांचंही वाचलं. यावर इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी स्वतःच्या कादंबरीबद्दल लिहिलेलं मला महत्त्वाचं वाटतं. 'द नेम ऑफ द रोज' ही १९८०ची, मध्ययुगातल्या एका मठात सात दिवसांत घडणारी, खुनांचा शोध घेणारी कादंबरी. छापण्याआधी मित्रांनी आणि संपादकांनी सांगितलं होतं, पहिली शंभर पानं जड आहेत, कमी करा. एकोंनी नकार दिला. त्यांचं म्हणणं असं की ज्याला त्या मठात सात दिवस राहायचंय त्याने मठाची चाल स्वीकारली पाहिजे. ती शंभर पानं म्हणजे एक प्रकारचं प्रायश्चित्तच. ज्याला ते नको त्याने टेकडीच्या पायथ्याशी थांबावं.

हे वाचल्यावर मला आपल्या सिद्धेश्वर यात्रेत ६८ लिंगांना जाणारे नंदीध्वज, त्या उंच काठ्या आठवल्या. ते खांद्यावर घेणारे आधी सराव करतात. ऐन संक्रांतीला थेट येऊन कुणी तो काठीचा तोल सांभाळू शकत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीची पानं हा लेखकाने आपल्याकडून करून घेतलेला सराव असतो.

मालदांडी साहेबांच्या नियमाने मी ७४ वर्षांचा माणूस २६ पानांवर थांबायला हवा. मग मठात मी कधीच पोचलो नसतो.

धोटा

ताई मी मागावर आहे. वाचन कमी पण आहे. माझ्या कामातलं एक सांगतो.

नवा माल लावायचा असला की बीम चढवलं म्हणजे काम झालं असं नसतंय. एकेक तार वहीतनं (मागाची वही, लिहायची नव्हं) घ्यायची, मग फणीतनं घ्यायची. हजारानं तारा. दोन माणसं बसून तास न् तास तेच करतात. त्या टायमाला बाहेरच्या माणसाला वाटतंय हे काय चाललंय, कापड तर एक इंच नाही. आणि घाई केली, एक तार चुकली, तर सगळ्या कापडात रेघ पडती. मग चालू झाल्यावर पण पहिलं थोडं कापड धरायचंच नसतंय, ते वायाच जातंय. मयूरपंखी चादर घ्या. पहिल्या चार बोटांत मोर कुठं दिसतोय. कादंबरीचं पण तसंच असंल बगा.

सात_रस्ता

धोटा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला, फार आवडला. पण एक शंका आहे. मागावर बसणाऱ्याला मयूरपंख निघणार हे माहीत असतं. तो नमुना बघून बसलेला असतो, शिवाय माल झाला की मजुरी मिळणार. वाचकाला यातलं काहीच माहीत नसतं. चारशे पानांनंतर मोर निघेल की नुसती रेघ, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मग त्याने कशाच्या भरवशावर तारा ओवाव्यात?

धोटा

बरोबर आहे तुमचं. भरवसा सांगणाऱ्या माणसावर असतोय. मला ज्यानं पहिल्यांदा पुस्तक दिलं त्याच्यावर होता म्हणून मी वाचलं. पुस्तकावर नव्हता.

पूर्वभागातली

धोटा, हे तुम्ही दोन ओळींत सांगितलंत ते मला एवढं लिहूनही नीट सांगता आलं नव्हतं. 'धग' मी तिसऱ्यांदा उघडली ती अमरावतीच्या बाईंच्या आवाजावर विश्वास ठेवूनच.

अमरावतीची

मीच ती. आमच्या बाईंनी धागा दाखवला म्हणून इथे खातं उघडलं.

एक उलटी बाजू सांगते. सोलापुरात आल्यावर मला बोराड्यांची 'पाचोळा' वाचायला दिली. १९७१ची, पातळशी, सगळी कथा पारबती स्वतःच्या बोलीत सांगते, तिचा नवरा गंगाराम गावात शिवणकाम करतो. इथल्या सगळ्यांनी सांगितलं, एका बैठकीत होते, अगदी सोपी आहे. मला होईना! मराठवाड्याची बोली माझ्या कानाला तितकीच परकी होती जितकी इथल्यांना वऱ्हाडी. तुमच्याकडे बार्शी ओलांडली की तीच बोली सुरू होते, म्हणून तुम्हाला ती सोपी. मला लातूरकडच्या एका पालकांचं बोलणं चार-सहा वेळा ऐकावं लागलं, तेव्हा पारबतीचा हेल सापडला.

त्यामुळे 'ही कादंबरी अवघड आहे' असं कुणी म्हटलं की मी आता विचारते, कुठे उभं राहून?

अक्कलकोटकर

ह्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या घरी कानडी. बोलता सगळं येतं, लिपी वाचता येत नाही, शाळा मराठी झाली. त्यामुळे भैरप्पांचं 'पर्व' मी उमा कुलकर्णींच्या मराठी अनुवादात वाचलं. महाभारतावरची कादंबरी म्हणून मोठ्या अपेक्षेने उघडली. वाटलं, हस्तिनापूर येईल, द्यूत येईल, निदान कुंती तरी भेटेल. आणि सुरुवात कुठे, तर मद्र देशात, म्हाताऱ्या शल्याच्या घरी. युद्धाच्या नुसत्या बातम्या येताहेत आणि हा माणूस घरगुती काळज्यांत. मी दोनदा सोडलं. आपण चुकून दुसऱ्याच कुणाच्या घरी आलो की काय, असं वाटायचं.

तिसऱ्या वेळी अप्पांना सांगितलं, असं असं आहे. अप्पा चौथी शिकलेले, कीर्तन-पुराण ऐकून महाभारत तोंडपाठ. ते म्हणाले, "शल्य कोण? नकुल-सहदेवाचा मामा. तो लढला कुठल्या बाजूने? मग त्याच्या घरापासून सुरू केलं तर बिघडलं कुठे. ज्याचे दोन्हीकडे नातेवाईक, त्यालाच युद्ध पहिल्यांदा कळतं." मी गप्प झालो. त्या एका वाक्याने पुस्तक उघडलं. पुढे त्यात चमत्कार नाहीत, शाप-वर नाहीत, माणसं आपापल्या आठवणींतून बोलतात, हे सगळं मग सहज वाचलं गेलं.

म्हणजे माझ्या बाबतीत भाषा अडत नव्हती. मी जिथून सुरू होईल असं धरून बसलो होतो, तिथून ते सुरू होत नव्हतं.

अभ्यासिकेतला

मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. वाचायला वेळ नसतो, तरी दोस्तोयव्हस्कीची 'द ब्रदर्स करामाझोव्ह' हातात घेतलीय. सगळ्यांना एकच प्रश्न. नावांचं काय करायचं? तोच माणूस एका पानावर अलेक्सेइ, दुसऱ्यावर अल्योशा. दिमित्री म्हणजेच मित्या, हे मला साठ पानांनी कळलं.

जुनी_मिल

बाळा, रशियन माणसाला स्वतःचं नाव, वडिलांवरून आलेलं नाव आणि आडनाव असतं, शिवाय घरातलं लाडाचं नाव वेगळं. आपल्याकडे नाही का, कागदावर मल्लिकार्जुन, घरात मल्लू, गल्लीत अण्णा आणि साहेबांसमोर नुसतं आडनाव? आपण कुणी गोंधळत नाही, कारण कोण हाक मारतंय ते समोर दिसतं. तिथेही तेच बघ. जो अल्योशा म्हणतो तो जवळचा, पूर्ण नाव घेतो तो अंतर ठेवणारा. नाव बदललं की नातं बदललं असं समजून वाच. मग तो त्रास वाटणार नाही, उलट माहिती मिळत जाईल.

आणि पुठ्ठ्याचा एक तुकडा खूण म्हणून ठेव, त्यावरच नावं लिहीत जा. मार्केझच्या 'वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड'साठी मला हे करावं लागलं होतं. त्यात एका कर्नलला सतरा मुलगे, आणि सतराच्या सतरा जणांचं नाव ऑरेलियानो.

अभ्यासिकेतला

काका, मल्लूचं उदाहरण एकदम डोक्यात बसलं. पुठ्ठा केला.

सकाळची_हुतात्मा

आठवड्यातून एकदा कामासाठी पुण्याला जातो. चार तास जायला, चार तास यायला. टॉलस्टॉयचं 'वॉर अँड पीस' मी घरी तीनदा सुरू केलं आणि तिन्ही वेळा अन्ना पावलोव्हनाच्या त्या पहिल्या मेजवानीतच सोडलं. १८०५चा जुलै, दिवाणखान्यात वीसेक माणसं, निम्मी फ्रेंचमध्ये बोलतात, कुणाशीच आपली ओळख नाही. मग एकदा हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये नेलं. कुर्डुवाडीपर्यंत मेजवानीच चालू होती. दौंड यायच्या आत माझी पिएरशी ओळख झाली होती.

धागाकर्तीचं 'मोठी बैठक' म्हणणं शंभर टक्के खरं. लग्नघरात पाच मिनिटं डोकावलं तर गोंधळच दिसतो. दुपारभर थांबलं की नवरीची मावशी कोण आणि रुसलेला काका कोण, ते आपोआप कळतं.

सात_रस्ता

इथे बहुतेक जण भाषेबद्दल, नावांबद्दल, वातावरणाबद्दल बोलताहेत. पण काही कादंबऱ्या बांधणीनेच अवघड असतात. किरण नगरकरांची 'सात सक्कं त्रेचाळीस', १९७४ची. भाषा तर बोलकी, शहरी, कुठे अडायचं कारण नाही. पण काळ सरळ जातच नाही. आत्ताचं, मागचं, त्याच्याही मागचं, सगळं नायक कुशंकच्या डोक्यात उसळेल तसं येतं. मी मोठ्याने वाचून बघितलं, मोठी बैठक घातली, नावं लिहिली. यातल्या कशाचाही उपयोग झाला नाही. शेवटपर्यंत पोचलो आणि त्याच दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केली, तेव्हा कुठे जागा लागल्या.

म्हणून, ताई, 'कान तयार झाला की होतं' हे सगळ्या कादंबऱ्यांना लागू नाही. काहींना दुसरं वाचनच लागतं. आणि हे आधी कुणी सांगितलं असतं तर पहिल्या वाचनात मी स्वतःवर इतका चिडलो नसतो.

पूर्वभागातली

मान्य. अगदी मान्य. मी 'धग'वरून सगळ्यांना एकच औषध द्यायला निघाले होते.

मालदांडी काका, तुमच्याबद्दलही विचार करत होते. तुम्ही म्हणता ती दोन वर्षं वाया गेली, कारण तुम्ही लोकांसाठी वाचत होतात. त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही, तसं कुणीच वाचू नये. पण माझ्या मैत्रिणी सोडून देताना पुस्तकाला नाव ठेवत नव्हत्या, स्वतःला ठेवत होत्या. 'हे मला आवडलं नाही' म्हणून मिटलेलं पुस्तक आणि 'मी कमी पडले' म्हणून मिटलेलं पुस्तक यांत मला फार फरक वाटतो. दुसऱ्या तऱ्हेने मिटलेलं पुस्तक पुढच्या दहा पुस्तकांना दारातच अडवतं. शाळेत मुलांचं गणिताबाबत होतं ना, तसंच.

होटगीरोड

'हिंदू' सुरू केली. पान ८४. मोठ्याने वाचते तेव्हा नवरा टीव्हीचा आवाज कमी करतो. आज त्याने विचारलं, "तो पोचला का गावाला?"

टिळक_चौक

एक वेगळा मुद्दा. काही वेळा दोष खरंच पुस्तकाचा असतो, विशेषतः अनुवादाचा. एका नामांकित परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद मी विकत घेतला होता. वाक्यं अशी की कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद पाचव्या ओळीत, मधे सगळी 'ज्याने-ज्याच्या-ज्यामुळे'ची रांग. मी महिनाभर स्वतःलाच दोष देत राहिलो. पुढे हिराचंद नेमचंद वाचनालयात दुसऱ्याच एका अनुवादकाचं पुस्तक सहज चाळलं आणि लक्षात आलं, अनुवादित कादंबरीही पाण्यासारखी वाहू शकते. तेव्हापासून विकत घेण्याआधी मधलंच कुठलं तरी पान उघडून दोन परिच्छेद वाचतो. सुरुवात सगळेच घासूनपुसून लिहितात. मधलं पान खरं काय ते सांगतं.

अक्कलकोटकर

+१. मधलं पान ही फार चांगली युक्ती आहे.

मालदांडी (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतो. हुरड्याचे दिवस संपले, रात्री मोकळ्या मिळू लागल्या. अमरावतीच्या बाईंनी लिहिलं म्हणून 'पाचोळा' आणली. आमच्या कानाला ती बोली जवळचीच, दोन रात्रींत झाली. मग वाटलं, जी जवळची ती तर कुणीही वाचेल. म्हणून 'धग' आणली.

३९ पानं झाली. माझ्या नियमाप्रमाणे काल रात्री थांबायला हवं होतं. अजून सगळं कळत नाही. पण कौतिकला तसं सोडून उठवेना. आमच्या आईचं नाव वेगळं, गाव वेगळं, बोली वेगळी, पण चुलीपुढची चिडचिड तीच. ५२व्या पानावर आहे. नियम चुकीचा होता असं मी म्हणत नाही. या पुस्तकापुरता मोडलाय.

अमरावतीची

दादा, वाचत राहा. अडलं तर इथे विचारा. पण मी अर्थ सांगणार नाही, वाचून दाखवेन!

पूर्वभागातली

काका, तुमचा प्रतिसाद मी आईला तेलुगूत सांगितला. त्यावरून काल जे झालं ते इथे लिहिते, मग थांबते.

आई आता ७६ वर्षांची. विड्या वळायचं सोडून बरीच वर्षं झाली, पण हाताला चैन पडत नाही म्हणून शेजारणीच्या विडीच्या पानांतली थोडी पानं घेऊन बसते, सुपात कातरून देते. मराठी तिला कळते, वाचता येत नाही. लहानपणी ती विड्या वळत असताना मी तिच्याशेजारी बसून शाळेचं पुस्तक मोठ्याने वाचायची. मला काय येतंय आणि काय नाही ते तिला माझ्या आवाजावरून कळायचं.

काल दुपारी अमरावतीच्या बाई घरी आल्या होत्या. मी म्हटलं, आईला 'धग' वाचून दाखवा ना, मला दाखवली तशी. त्या बसल्या आणि वाचू लागल्या. वऱ्हाडी, तीही पुस्तकातली. मला वाटलं, आईला यातलं काय कळणार. ती पानं कातरत होती, मान खाली. सात-आठ पानं वाचून झाली असतील. कौतिकच्या घरातली ओढाताण चालली होती. एकदम आई म्हणाली, "चालु."

आपल्या पूर्व भागातल्यांना सांगायला नको, तेलुगूत 'चालु' म्हणजे 'पुरे'. बाईंनी मराठी ऐकलं. त्यांना वाटलं, चालू ठेवा म्हणतेय. त्यांनी मान हलवली आणि पान उलटलं.

मी सांगायला तोंड उघडलं होतं. आईने माझ्याकडे बघितलं आणि हाताने 'राहू दे' अशी खूण केली. बाई आणखी चार पानं वाचत होत्या. कात्री सुपात पडलेली होती, आईने ती उचलली नाही.